माईकमागचा गडी

माझा चेहरा कोणाला आठवत नाही, आवाज आठवतो. आजही मुलुंडच्या बाजारात ‘अर्धा किलो भेंडी द्या’ म्हटलं की शेजारचा एखादा साठीतला माणूस वळून बघतो, कपाळाला आठ्या घालतो आणि विचारतो, ‘तुम्ही ते कबड्डीला माईकवर असायचात ना?’ मी हो म्हणतो. त्याला फार आनंद होतो. मला होत नाही, पण भेंडी घेता घेता ते त्याला काय सांगणार.

मला माईकवर जायचंच नव्हतं, इथून सुरुवात करतो. मी खेळाडू होतो. ऐंशी सालच्या आसपास घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत दर दोन चाळींमागे एक कबड्डीचा संघ होता आणि कांजूरमार्गच्या आमच्या चाळीचा संघ त्यात नाव राखून होता. आम्ही बहुतेक सगळे मालवणकडचे, बाप गिरणीत आणि मुलं जमेल तिथे. मी चढाईला जायचो. आमचा कप्तान माझ्यापासून दोन खोल्या सोडून राहायचा. छापखान्यात कामाला होता आणि बोटांना कायम शाई असायची. कोपऱ्यात उभा राहून त्यानं एखाद्याचा घोटा धरला की तो शाईचा ठसा घेऊनच समोरचा गडी घरी जायचा.

आमच्या संघाची एक रीत होती. स्पर्श झाला की पंचाच्या शिट्टीची वाट बघायची नाही. आपल्याला लागलं हे आपल्याला कळतं, पंचाला नंतर कळतं, कधीकधी कळतही नाही. कळलं की हात वर करायचा आणि आपण होऊन बाहेर जायचं. बाद गडी हात वर करून बाहेर गेला की कप्तान त्याच्या पाठीवर थाप मारायचा, जणू त्यानं गुण मिळवलाय. एकदा भांडुपच्या सामन्यात मी हात वर केला नाही, वेळकाढूपणा केला. कप्तानानं चालू सामन्यात माझं बखोट धरून मला बाहेर नेलं आणि म्हणाला, ‘लाज वाटूक होयी रे तुका.’ तेव्हा वाटली होती.

लाल बहादूर शास्त्री मार्गावरच्या एका कारखान्यानं मला खेळाडू म्हणून टेम्पररीत घेतलं. कारखान्याचं नाव सांगत नाही, आता तिथे उंच इमारती आहेत. गिरण्यांचा संप सुरू झाला होता, वडील घरी बसले होते, आणि मी सहा-सहा महिन्यांच्या कागदावर काम करत होतो. कारखान्याचे क्रीडा अधिकारी होते त्यांना सगळे नुसते साहेब म्हणत. साहेब पुण्याकडचे, बोलणं गोड, कपड्यांना कडक इस्त्री. मातीच्या मैदानावर पांढरे बूट घालून येणारा मी पाहिलेला तो एकमेव माणूस.

कारखान्याच्या मैदानावर दरवर्षी आंतर-उपनगर स्पर्धा व्हायची. माझ्या पहिल्याच वर्षी ठरलेला निवेदक आला नाही. साहेब टेबलाशी येरझारा घालत होते. मी सराव संपवून पाय धूत होतो. ‘अरे, तू जरा नावं वाच,’ म्हणून त्यांनी कागद माझ्या हातात दिला. मी ओल्या पायांनी उभा राहिलो आणि चौदा नावं वाचली. मैदानात एकदम शांत झालं. मला वाटलं माझं काहीतरी चुकलं. साहेबांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मी मघापर्यंत त्यांच्यापासून काहीतरी लपवून ठेवलं होतं.

त्या दिवसापासून मी खेळलो नाही. आधी साहेब म्हणाले, एवढी स्पर्धा कर. मग म्हणाले, तुला राखीव ठेवतो, म्हणजे माईकही सांभाळता येईल. मग राखीवच्या यादीतूनही नाव गेलं. त्याच वर्षी मला पर्मनंट केलं. घरी आईनं साखर वाटली. वडिलांनी कागद तीनदा वाचला. मला खूश व्हायला हवं होतं, आणि झालोही होतो, पण थोडाच. आवाजावर पर्मनंट झालेला माणूस आवाज सोडून जाणार कुठे?

टेबलाची जागा ठरलेली होती. मध्यरेषेच्या बाजूला, फक्कीच्या रेघेपासून चार हातांवर. मागे भिंत, डावीकडे गुणफलक, उजवीकडे पाहुण्यांच्या खुर्च्या, पुढे दोरी. एकदा बसलो की सामने संपेपर्यंत उठता यायचं नाही. लघवीला जायचं म्हटलं तरी तीन पाहुण्यांना उठवावं लागायचं आणि त्यातला एक तरी नगरसेवक असायचा. माईकचं बटण गेलेलं होतं, ते कायम चालूच. बंद करायचा तर मी तळहातानं झाकायचो. त्यामुळे माझा डावा हात चार-चार तास त्या माईकच्या तोंडावर असायचा.

निवेदकानं काय करायचं नाही याची यादी मोठी आहे. टाळी वाजवायची नाही. कोणाच्या बाजूनं ओरडायचं नाही. पंचानं निर्णय दिल्याशिवाय गुण बोलायचा नाही. समोर चुकीची पकड दिसतेय, तोंडाशी शब्द आलाय, तो गिळायचा. आणि साहेबांची ताकीद होती, बोली चालणार नाही. ‘चढाय’ नाही, ‘चढाई’. ‘इलो’ नाही, ‘आला’. मी शिकलो. इतकं शिकलो की घरीही तसंच बोलायला लागलो. आई म्हणायची, ‘मेल्या, मी हयच असंय, इतक्या मोठ्यान कित्याक वराडतस?’ मी सांगायचो, आई, मी ओरडत नाहीये. ती वडिलांकडे बघायची. ‘नाहीये’ ऐकून वडील हसायचे.

मैदानावर मात्र माझं कौतुक चालू होतं. लोक म्हणायचे, याच्या आवाजात लबाडी नाही. ते खरं होतं. आमचा चाळीचा संघ खेळत असला तरी मी आवाज चढवला नाही की पाडला नाही. कारखान्याचा संघ हरला तर हरला म्हणून स्पष्ट सांगितलं. विक्रोळीच्या एका संघाच्या बुजुर्गानं एकदा टेबलाशी येऊन सांगितलं, ‘तुझा आवाज ऐकला की आम्ही गुणफलक बघत नाही.’ अशा वेळी वाटायचं, जाऊ दे, आहे ते बरं आहे. पण कप्तान समोर कोपऱ्यात मांडीवर थाप मारून उभा राहिला की माझ्या टेबलाखालच्या पायांचे चवडे आपोआप उचलले जायचे. चार हातांवर खेळ चाललाय आणि मी हरभऱ्याच्या झाडावर चढवून ठेवलेला.

सुटण्याचा एकच रस्ता दिसत होता. पंच परीक्षा. खेळणं तर सुटलंच होतं, पण पंच झालो तर टेबल सोडून दोरीच्या आत जाता येणार होतं. पायाखाली माती येणार होती, गळ्यात शिट्टी येणार होती, आणि जे दिसलं ते बोलायची मुभा मिळणार होती. नियमपुस्तक माझं पाठ होतं. पण परीक्षेच्या अर्जावर मालकांची संमती लागायची, म्हणजे साहेबांची सही. दरवर्षी मी अर्ज घेऊन जायचो, दरवर्षी साहेब तो ड्रॉवरमध्ये ठेवायचे. ‘तू पंच झालास तर माईकवर कोण? मी?’ असं म्हणून हसायचे. मीही हसायचो. बाहेर येऊन जिन्यात एकटा उभा राहायचो आणि स्वतःचा राग यायचा. चार वर्षं असे अर्ज दिले.

पाचव्या वर्षी अंतिम सामन्यात आमचा कारखाना आणि माझ्या चाळीचा संघ समोरासमोर आले. करंडक आजवर कधी कारखान्याकडे राहिला नव्हता आणि वरचे लोक साहेबांना टोचत होते. सामन्याआधी साहेब टेबलाशी आले. खिशातून माझा अर्ज काढला, उलगडला आणि दाखवला. ‘आज करंडक आपल्याकडे राहू दे. उद्या सही करतो. मग जा तुझ्या मातीत.’ एवढंच. काही मागितलं नाही त्यांनी. मी म्हटलं, ‘मी काय करणार साहेब, मी तर बसलेला.’ ते म्हणाले, ‘तेच म्हणतोय. आनंदात बस.’

कप्तान आला आणि रीतीप्रमाणे स्वतःच्या हातानं संघाची यादी माझ्यापुढे ठेवली. कागदाला शाईचा अंगठा लागला होता. ‘माझा नाव नीट वाच रे, गेल्या टायमाक खाल्लंस,’ म्हणाला. मी माईकवर हात ठेवून म्हटलं, ‘होय, वाचतंय.’ ते माझं टेबलावरचं शेवटचं मालवणी असावं.

सामना बरोबरीत आला. एकच चढाई उरली, कारखान्याची. मैदानाच्या भिंतीवर, झाडांवर, पाण्याच्या टाकीवर माणसं. कारखान्याचा चढाईपटू आत गेला. कबड्डीत चढाई करणाऱ्यानं एका श्वासात ‘कबड्डी कबड्डी’ म्हणत राहायचं असतं, त्याला दम म्हणतात. मध्ये श्वास घेतला की दम तुटला, दम तुटला की तो बाद आणि गुण समोरच्याला. त्यानं उजवा कोपरा गाठला, हात फिरवला, स्पर्श झाला. लोकांनी उसळून आरडाओरडा केला. तो परत फिरला, कप्तान त्याच्यावर झेपावला, तो निसटला आणि माझ्या टेबलासमोरून मध्यरेषेकडे आला. तिथे, माझ्यापासून चार हातांवर, त्याचा दम तुटला. ‘कब’ म्हणाला आणि थांबला. मग आत ओढलेल्या श्वासाचा आवाज आला, खरखरीत, बुडणारा माणूस वर आल्यावर घेतो तसा. मग पुन्हा ‘कबड्डी’. मग त्याचा पाय रेषेपलीकडे पडला.

जवळचा पंच त्याच्या पायांकडे बघत होता. लोकांच्या आवाजात दुसऱ्या कोणाला काही ऐकू जाणं शक्य नव्हतं. मला गेलं. पण श्वासानं फुगलेली त्याची पाठ कप्तानानं बघितली होती, आणि चाळीच्या संघानं दम तुटल्याचं अपील केलं. सरपंच, म्हणजे कबड्डीतला मुख्य पंच, एक म्हातारा शिक्षक होता. धोतरावर शर्ट, गळ्यात दोरीची शिट्टी. त्यानं दोन्ही पंचांना विचारलं. दोघांनी नकारार्थी माना हलवल्या.

तेव्हा कप्तान वळला आणि त्यानं माझ्याकडे बोट केलं.

‘सर, त्याका विचारा. तो थयच होतो. तो सांगात ता आमका मान्य.’

कारखान्याचा कप्तानही म्हणाला, ‘चालेल. आम्हालाही मान्य.’ सगळ्या उपनगरात माझ्या आवाजावर एवढा विश्वास होता की निवेदकाला विचारणं नियमात बसत नाही हे कोणाच्या लक्षातही आलं नाही. सरपंचाच्या आलं होतं. तो टेबलाशी येऊन हळूच म्हणाला, ‘नियमात नाही बाळा. पण मी माणूस म्हणून विचारतोय. दम तुटला का?’

उजवीकडच्या खुर्चीतून उठून साहेबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. दाबला नाही, नुसता ठेवला. समोर कप्तान कमरेवर हात ठेवून उभा, अंगभर माती, आणि चेहऱ्यावर काळजी म्हणून नाही. तो जिंकल्यासारखा उभा होता. त्याला माहीत होतं मी काय बोलणार. ते बघून मला त्याचा रागच आला, हे आज कबूल करतो. याला काय जातंय, याच्या पायाखाली माती आहे. मला अर्ज दिसत होता, पर्मनंटचा कागद दिसत होता, घरी बसलेले वडील दिसत होते.

‘मला ऐकू आलं नाही,’ मी म्हटलं.

शुद्ध मराठीत म्हटलं. आणि माझा डावा हात माईकवर नव्हता. खांद्यावरच्या हाताकडे माझं लक्ष गेलं होतं आणि मी तो झाकायला विसरलो होतो. पाच वर्षांत पहिल्यांदा. चारही कोपऱ्यांतल्या कर्ण्यांतून माझा आवाज आला, ‘मला ऐकू आलं नाही’, आणि कारखान्याच्या भिंतीवर आपटून परत माझ्याकडे आला. खोटं बोलताना माणूस निदान हळू बोलतो. मी अख्ख्या मैदानाला ऐकवलं.

सरपंच मध्यरेषेकडे परत गेला. मग त्यानं शिट्टी वाजवली आणि गुण कारखान्याला दिला.

कप्तान भांडला नाही. त्यानं उजवा हात वर केला, बाद झालेला गडी करतो तसा, आणि मैदानाबाहेर चालायला लागला. त्याच्या मागून एकेक करून बाकीचे सहा, सगळ्यांचे हात वर. लोकांना वाटलं, खेळाडू निरोप घेतायत. टाळ्या पडल्या. मी निकाल वाचला. आवाज चढवला नाही, पाडला नाही.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी सही केली. दिलेला शब्द पाळणारा माणूस होता.

चाळीत कोणी मला काही बोललं नाही. बोलले असते तर बरं झालं असतं, एकदा भांडण होऊन मिटलं असतं. फक्त कप्तान मला ‘तुम्ही’ म्हणायला लागला. सकाळी नळावर, डबा हातात घेऊन स्टेशनकडे निघताना, गणपतीत. ‘काय, बरे आहात ना?’ ज्यानं मला बखोट धरून मैदानाबाहेर ओढलं होतं तो मला ‘तुम्ही’ म्हणत होता, आणि मालवणीही बोलत नव्हता. माझ्याशी तो साहेबांसारखं बोलायचा. त्याची बायकोही मग पदर सारखा करून बाजूला व्हायला लागली. दोन खोल्यांच्या अंतरात मी पाहुणा झालो. आईनं एकदा विचारलं, ‘तो तुका अहोजाहो कित्याक करता?’ मी म्हटलं, माझ्या नोकरीचा मान ठेवतो. तिला ते पटलं नाही, पण तिनं पुन्हा विचारलं नाही.

परीक्षा घाटकोपरच्या एका शाळेत होती. पहिलीच्या बाकांवर आम्ही मोठी माणसं गुडघे पोटाशी घेऊन बसलो होतो. लेखी सोपं गेलं. तोंडीला एकेकाला आत बोलवत होते. आत टेबलामागे तोच म्हातारा सरपंच बसला होता. त्यानं मला ओळखलं, पण तसं दाखवलं नाही. नाव विचारलं, कागदावर खूण केली आणि पहिला प्रश्न विचारला. नंतर कळलं, तो सगळ्यांना पहिला प्रश्न हाच विचारायचा, माणसाला धीर यावा म्हणून.

‘खेळाडूला स्पर्श झाला. पंचाला दिसलं नाही. खेळाडूनं काय करावं?’

उत्तर मला सात वर्षांचा असल्यापासून येत होतं. तोंड उघडलं आणि आवाज फुटला नाही. ज्या आवाजावर माझं घर चाललं होतं तो घशातून वर येईना. म्हाताऱ्यानं पाण्याचा पेला पुढे केला. मी तो घेतला नाही. मी उभा राहिलो आणि उजवा हात वर केला. वर्गात तसा उभा राहिलेला मी किती मूर्ख दिसलो असेन. मग हात तसाच वर ठेवून दाराबाहेर गेलो. पटांगण ओलांडून फाटकाशी पोचल्यावर मी हात खाली घेतला, कारण फळवाला बघत होता.

सोमवारी साहेबांनी विचारलं, ‘काय, पेपर कसा गेला?’

‘बाद झालो,’ मी म्हटलं.

‘नापास म्हण. बाद काय?’

‘नाही साहेब. बाद.’

त्यांनी जास्त चौकशी केली नाही. त्यांना बरंच वाटलं असावं. ‘मग रविवारी मुलुंडला माईक तूच घे,’ म्हणाले. मी घेतला. त्या रविवारी घेतला आणि त्यानंतरचे सगळे रविवार घेतले, कारखाना बंद होईपर्यंत. पुन्हा अर्ज केला नाही. साहेब स्वतःहून म्हणाले होते एकदा, देतो सही, पण मला त्या वर्गात पुन्हा जाता आलं नसतं.

त्या सोमवारी संध्याकाळी कामावरून परस्पर मी कप्तानाच्या दारात गेलो. तो शाईचे हात घासलेटनं पुसत बसला होता. मी उंबऱ्याशी उभा राहिलो. त्या सामन्यापासून न बोललेली भाषा जिभेवर आणायला वेळ लागला.

‘त्या दिवसा दम तुटलो होतो,’ मी म्हटलं. ‘माका ऐकाक इला होता. मी खोटा बोललंय.’

त्यानं फडका बाजूला ठेवला. ‘माहीत आहे,’ म्हणाला. ‘बसा ना, उभे का?’

मी बसलो. वाट बघत होतो, तो शिवी देईल, बखोट धरेल, ‘लाज वाटूक होयी रे तुका’ म्हणेल. एवढं एक वाक्य ऐकायला मी आलो होतो. त्यानं आत बघून बायकोला चहा सांगितला. चहा आला तेव्हा त्यानं कप नीट बशीत ठेवून, कपाचा कान माझ्याकडे करून, दोन्ही हातांनी पुढे केला.

‘घ्या,’ म्हणाला.